मामा, विमानात माल असतो

माजलगाव
९ जून २०२४

चि. रोहिणी,

मामाचा आशीर्वाद. मामीनं तिचा वेगळा सांगितलाय, तो शेवटी लिहितो, ध्यानात राहिला तर.

तू म्हणशील, मामाला फोन परवडंना झाला काय. तसं न्हाई. पंधरा दिवसांत तुला सात वेळा फोन लावला. सकाळी दहाला लावला तर तू झोपलेली. दुपारी एकला लावला तरी झोपलेली. संध्याकाळी लावला तर म्हणालीस, मामा, ड्युटीला निघाले. आपल्या घराण्यात दुपारी एकपर्यंत झोपणारे एकच, तुझ्या आईचे आजोबा, आणि त्यांना निजामाच्या काळातली पाटीलकी व्हती. म्हणून पत्र. कारखान्याची व्हाइस चेअरमनकी गेली, पण लेटरहेडचे दोन गठ्ठे अजून घरात हाईत.

विषय असा की आपला अंगद बी.एस्सी. झाला. तीन वर्षांचं चार वर्षांत केलं, पण झाला. आता पुढं काय. शेजारच्या उत्तरेश्वरचं पोरगं फौजदारकीची पूर्व परीक्षा पास झालंय. नुसती पूर्व. तरी चौकात फ्लेक्स लागला, आणि त्यावर पोराच्या अंगात आत्ताच वर्दी हाय. मी विचार केला, फौजदार तालुक्यात ढिगानं हाईत. पायलट आपल्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत एकच. ती बी तू, आणि ती बी सिरसाळ्याची. म्हणून अंगदला पायलट करायचं ठरवलंय.

तू मला तीन गोष्टी कळव. पगार किती, काम किती, आणि शिकायला किती लागतं. घरचंच माणूस हाय, हात राखून लिहू नको.

आणखी एक. लोक म्हणतात, तुझ्या विमानात माणसं नसतात, नुसता माल असतो. मी म्हटलं, असं कसं. खरं काय ते कळव, म्हणजे त्या बेतानं सांगता येईल.

तुझा,
अर्जुनमामा

मामीचा आशीर्वाद, आणि वाळली असशील म्हणती.


बंगळुरू
२३ जून २०२४

आदरणीय मामा,

नमस्कार. मामींना सांगा, वाळलेली नाही, सुजलेली आहे. दिवसा झोपून माणूस असंच होतं.

लोक खरं बोलतात. मामा, माझ्या विमानात माल असतो. जुनं प्रवासी विमान आहे, त्याच्या खुर्च्या काढून टाकल्यात. मागच्या आठवड्यात मोबाइल, औषधं, गुलाब आणि कोंबडीची अकरा हजार पिल्लं नेली. पिल्लं दिल्लीपर्यंत ओरडत होती. तरी प्रवाशांपेक्षा बरी, असं आमचे कॅप्टन म्हणतात.

आता तुमचे प्रश्न.

काम असं. रात्री साडेनऊला गाडी न्यायला येते. बंगळुरू ते हैदराबाद, हैदराबाद ते दिल्ली. सकाळी सातला दिल्लीतल्या हॉटेलात जाड पडदे ओढून झोपायचं आणि संध्याकाळी तिकडूनच परत. सलग किती तास काम आणि मग किती विश्रांती, याचे नियम आहेत आणि ते पाळले जातात. पण दुपारी दोन वाजता झोप कशी लागावी, याचा नियम अजून कुणी काढलेला नाही. सुट्टी असते. ती मी झोपून काढते.

पगार हातात एक लाख पंच्याहत्तर हजार येतो. त्यातला ब्याऐंशी हजार बँकेचा हप्ता. आकडा ठरलेल्या तासांचा आहे. जास्त उडलं तर थोडे जास्त.

शिक्षणाला बावन्न लाख लागले. बाबांची निवृत्तीची सगळी रक्कम, आणि उरलेलं सिरसाळ्याच्या घरावर कर्ज. परवाना हातात आला आणि वाटलं, सुटलो. तेव्हा कळलं की परवाना म्हणजे नुसता विमान चालवता येतं याचा दाखला. कंपनीकडे ज्या जातीचं विमान आहे ते चालवायचं पुन्हा वेगळं शिकायचं, त्याचे अठरा लाख वेगळे. मधली दोन वर्षं नोकरीच नव्हती. संभाजीनगरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. पोरं मला 'पायलट मॅडम' म्हणायची, चेष्टेनं. नोकरी लागली तेव्हा तीन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून घेतलं.

मी शिकायला निघाले तेव्हा तुमच्याकडे आले होते, आठवत असेल. तुम्ही म्हणालात, पोरीच्या जातीला विमान कशाला, वर गेली तर खाली कोण आणणार. मग नारळ आणि एकशे एक रुपये दिलेत. नारळ चांगला निघाला.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अंगदला काय वाटतं, ते त्यात कुठंच सापडलं नाही.

तुमची,
रोहिणी


माजलगाव
१४ जुलै २०२४

चि. रोहिणी,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. रडगाणं सोडून बाकीचं आवडलं.

पावणेदोन लाख वाचून मामी खाली बसली. हप्त्याचं मनावर घेत न्हाई, तो तुझा तू करून घेतलेला घोळ हाय. इथं चौकात मी पगार पाच लाख सांगितला. पावणेदोन सांगितलं तर लोक विचारतात, बाकीचे कुठं गेले. मालाचं बी सांगितलं न्हाई. 'आंतरराष्ट्रीय पुरवठा' सांगितलं. कोंबड्यांचं तर बोलायची सोयच न्हाई. आणि आठवड्याला दोन सुट्ट्या धरल्या म्हणजे वर्षाचे शंभर दिवस घरी. अंगद ऊस बी बघंल.

मुंजाजी म्हणून एक भला माणूस भेटलाय. आधी डी.फार्मसीचे प्रवेश करून द्यायचा, त्याच्या आधी त्याची बोअरवेलची गाडी व्हती. म्हणजे खाली जायचा अनुभव बी हाय आणि वर जायचा बी. त्यानं परराज्यातली एक अकॅडमी काढून दिली. बासष्ट लाखांत सगळं. राहणं, खाणं, उडणं, नोकरीची हमी, बूट फुकट. तुला अठरा लाख वेगळे कावून लागले त्याला विचारलं, तर म्हणला, त्यांना कुणी मार्गदर्शक नसंल.

आता एक किरकोळ काम. कालव्याखालची साडेचार एकर बँकेत तारण टाकतोय. तुझ्या आईनं, विमलनं, हक्कसोड मागंच लिहून दिलंय, पण त्या कागदाची नोंद राहिली आणि कागद बी सापडंना. सातबारावर तिचं नाव तसंच हाय. साहेब म्हणतो, बहिणीची सही लागती. बुधवारी तिला गाडी पाठवतो. तू फोनवर दोन शब्द सांगून ठेव.

तुझा,
अर्जुनमामा


बंगळुरू
२ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,

नमस्कार. बुधवारी गाडी आली होती. आई बसली नाही, हे तुम्हाला कळलंच आहे. ड्रायव्हरला चहा देऊन परत पाठवलं.

महिनाभर मला कळत नव्हतं, मामा एवढ्या गोडीनं पत्रं का लिहितात. किरकोळ काम शेवटच्या परिच्छेदात आलं तेव्हा कळलं. आईनं हक्कसोड कसं लिहून दिलं तेही मला माहीत आहे. दिवाळीला माहेरी नेलंत, साडी नेसवलीत आणि ओवाळून झाल्यावर तबकाशेजारी कागद ठेवलात.

पण ते राहू द्या. त्या अकॅडमीत शिकलेला एक मुलगा माझ्याबरोबर उडतो. त्याला विचारलं. तिथं विमानं तीन आहेत. एक उडतं, एक दुरुस्तीला असतं, आणि एक फाटकापाशी फोटो काढायला ठेवलंय, त्यात इंजिन नाही. विद्यार्थी शंभराच्या वर. परवान्याला दोनशे तास उडावं लागतं. त्याला चार वर्षं लागली, आणि प्रत्येक वर्षी नव्या नावानं पैसे मागितले. मामा, हे पैसे भरू नका. शिकवायचंच असेल तर चांगल्या दोन-तीन जागा मी सांगते. तिथं स्वस्त नाही, पण विमानांना इंजिनं आहेत.

सहीबद्दल आईचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते. 'अर्जुनाला सांग, सही देते. पण अंगदनं सिरसाळ्याला यावं आणि माझ्यासमोर म्हणावं, आत्या, मला विमान चालवायचंय. त्यो म्हणला की लगीच देते. माझ्या हिश्शाचं मागून बोलू.'

तुमची,
रोहिणी


माजलगाव
११ ऑगस्ट २०२४

रोहिणी,

आशीर्वाद धरून चाल.

घरात दुसरा पायलट झाला तर आपलं कौतुक कमी होईल, ही पोटदुखी मला कळती. बोलायची न्हाई असं ठरवलं व्हतं.

अंगद आत्याकडं येणार न्हाई. पोरगं लाजाळू हाय, असलं काही म्हणायचं न्हाई. सही तुमच्याकडंच ठेवा, लोणच्यात घाला. मी बायपासचा प्लॉट विकला. चोवीस लाख भरले, उरलेले टप्प्याटप्प्यानं. अंगद परवा गेला. निघताना काही बोलला न्हाई, म्हणजे खूश असणार.

आता पत्र नको.

अर्जुनराव


माजलगाव
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी,

आशीर्वाद. मधे सहा महिने गेले. माणसानं मनात काही धरू नये, मी तर मागंच सोडून दिलं.

अंगद उत्तम हाय. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावला, 'कॅप्टन अंगद'. तिथं तो काय शिकतो इचारलं तर 'चाललंय' म्हणतो. मोठ्या विद्येतलं माणूस कमीच बोलतं. त्याचा फोन आला की मी स्पीकरवर टाकतो आणि त्याला शेवटी 'ओव्हर' म्हणायला लावतो. ओट्यावरच्या लोकांना लई आवडतं.

कड्याहून सोयरीक आलीय. मुलीचे वडील हनुमानराव, सिमेंट-लोखंडाचं मोठं दुकान. त्यांनी विचारलं, जावई कोणतं विमान चालवतो. मी म्हटलं, जे निघंल ते. आता त्यांना वर्दीतला फोटो पाहिजे. अंगद म्हणतो वर्दी अजून मिळाली न्हाई. तर तुझा एखादा जुना कोट पाठव, खांद्यावर पट्ट्या असलेला. बायकी बटणं मामी फिरवून घेईल. टोपी असली तर उत्तमच.

अकॅडमीवाले इंधन महागलं म्हणून नऊ लाख आणखी मागत्यात. भरावेत का, तुला अनुभव हाय म्हणून विचारतो.

तुझा,
अर्जुनमामा


बंगळुरू
३ मार्च २०२५

आदरणीय मामा,

नमस्कार. कोट पाठवत नाही. नऊ लाख भरू नका. कारण खाली लिहिते, बसून वाचा.

अंगद माझ्याकडे आहे. एकोणीस तारखेला सकाळी बेल वाजली. मी नुकतीच ड्युटीवरून आले होते. दारात एक बॅग घेऊन उभा. म्हणाला, 'ताई, दोन दिवस राहू का.' जेवला आणि सोळा तास झोपला. म्हटलं, आमच्या घरात आता कुणीतरी माझ्यापेक्षा जास्त झोपणारं आलं.

उठल्यावर त्यानं उडण्याची वही दाखवली. सहा महिन्यांत चौदा तास. बाकी वेळ रांगेत बसणं, विमान धुणं आणि फाटकाजवळच्या विमानापाशी नव्या मुलांच्या आईवडिलांचे फोटो काढून देणं. उडणारं विमान डिसेंबरात दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. मी विचारलं, घरी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, 'सांगणार कसं. आप्पा स्पीकरवर टाकतात.'

मग मी त्याला ते विचारलं जे आईला विचारायचं होतं. तुला विमान चालवायचं होतं का रे. त्यानं वही मिटली. म्हणाला, 'मला वर भ्या वाटतं, ताई. चौदाचे चौदा तास वाटलं.'

तुम्हाला कळवू नको म्हणत होता. मी म्हटलं, कळवणार, पण पत्रानं, आणि तेही आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत त्यानं नोकरी शोधली. विमानतळावरच्या मालाच्या शेडमध्ये, अंगात पोपटी जाकीट घालून. विमानात चढणाऱ्या प्रत्येक नगाचं वजन घ्यायचं, कागदावर लिहायचं, सही करायची. चोवीस हजार. आधी तीन महिन्यांचं ट्रेनिंग आहे, आणि ते फुकट आहे.

मुंजाजींचा फोन लागतो का, बघा.

तुमची,
रोहिणी


माजलगाव
१२ मार्च २०२५

रोहिणी,

पत्र वाचलं आणि जाळलं. चूल न्हाई, गॅसवर जाळलं, म्हणून वेळ लागला आणि मामीनं मधेच दोन पानं वाचली.

मुंजाजीचा फोन लागत न्हाई. कुणी म्हणतं, आता सोलर पंपाचं बघतो.

इथं मी सांगितलंय, अंगद पुढच्या ट्रेनिंगला बंगळुरूला गेला. हे खोटं न्हाई. ट्रेनिंग हाय, बंगळुरू बी हाय. हनुमानरावांना सुपारी दिवाळीनंतर फोडू म्हणून कळवलं. तोवर काहीतरी होईल.

हमालीचं कुणाला बोलू नको. माझ्या पोरानं मालाचं वजन करावं, हे ऐकून उत्तरेश्वर जेवायचा न्हाई, पेढे वाटंल. अंगदचा विमानापाशी एक फोटो पाठव. अंगातलं ते पोपटी जाकीट काढून.

अर्जुनमामा


बंगळुरू
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,

नमस्कार. आठ महिने मी लिहिलं नाही. तुम्ही फोटो मागितला होतात, अंगद जाकीट काढायला तयार झाला नाही. म्हणाला, जाकीट काढून शेडमध्ये उभं राहता येत नाही, नियम आहे.

परवा जे झालं ते तुम्हाला कळायला हवं.

पहाटे पाचची फेरी होती. रात्रीपासून मी आणि आमचे कॅप्टन कामावर. आमच्या तासांचं गणित असं होतं की पाच पन्नासच्या आत विमान हललं नाही तर आम्हाला उडताच येणार नव्हतं. फेरी रद्द, त्या तासांचे पैसे नाहीत. सव्वापाच वाजले तरी वजनाचा कागद येईना. कॅप्टन फोनवर ओरडून थकले आणि मला म्हणाले, तुझा भाऊ ना तो, जाऊन बघ.

मी खाली उतरून शेडमध्ये गेले. अंगद काट्याशेजारी पोटावर आडवा, हातात बॅटरी. माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस त्याच्या डोक्यावर उभा राहून म्हणत होता, पेटीवर लिहिलंय तोच आकडा लिही. अंगद उठला, मला म्हणाला, 'नगाचा एक कोपरा काट्याच्या बाहेर टेकलाय. निम्मं वजन जमीन घेतीय. सगळे परत मोजायला लागतील.'

मामा, मी काय म्हणाले ते लपवत नाही. मी म्हणाले, 'अंगद, सही कर. नऊ तास झालेत, आता ही फेरी बुडायला नको.'

त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, 'ताई, वर तूच बसणार हायेस ना.'

अकरा नग होते. सगळे परत मोजले. एकवीसशे किलो जास्त निघालं. फेरी रद्द झाली. कॅप्टन आले, तो कागद स्वतः पाहिला आणि अंगदला चहा घेशील का विचारलं. एवढ्या वजनानं काय झालं असतं? कदाचित काही नाही. कदाचित धावपट्टी संपली असती आणि विमान उचललंच नसतं. तेव्हा पुढच्या दोन खुर्च्यांवर कोण होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

घरी येताना मी त्याला विचारलं, एवढ्याशा कोपऱ्याकडे तुझं लक्ष कसं गेलं. तो म्हणाला, 'सुट्टीत आप्पा मला कारखान्यावर न्यायचे. उसाच्या गाडीचं मागचं चाक काट्याच्या कडेवर कसं थांबवायचं, ते मी सातवीतच बघितलंय.' हे मी माझ्याकडून काही न घालता लिहिते आहे.

आणि त्याचा निरोप आहे. हनुमानरावांना खरं सांगितल्याशिवाय तो सुपारीला येणार नाही.

तुमची,
रोहिणी


माजलगाव
७ डिसेंबर २०२५

चि. रोहिणी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज लिहायला बसलो आणि उठलो.

कड्याला जाऊन आलो. हनुमानरावांना म्हटलं, पोरगा पायलट न्हाई, मालाचं वजन करतो, चोवीस हजार. त्यांनी सोयरीक मोडली. चांगल्या शब्दांत मोडली. त्यांच्या जागी मी असतो तर वाईट शब्दांत मोडली असती. चौकात बी सांगितलं. उत्तरेश्वरनं पेढे वाटले न्हाईत. त्याचं पोरगं मुख्य परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालं, दोघं मिळून चहा पिलो.

विमलचा तो कागद सापडला, दिवाळीला कपाट काढताना. नोंदीला न्यावा असं मनात आलतं, खोटं कावून बोलू. न्हाई नेला. तिचं नाव हाय तसं राहू दे. तिला म्हणावं, हिश्शाचं बोलायला कधी बी ये, गाडी पाठवतो, न्हाईतर मीच येतो.

आता तुला एक सांगतो, अंगदला सांगायचं का न्हाई ते तू ठरव. आमच्या काट्यावर आसाराम नावाचा कारकून व्हता. एका गाळपात भर दुपारी, पन्नास गाडीवानांसमोर, तो मला म्हणला, साहेब, चाक कडेवर हाय, मी पावती करत न्हाई. वीस वर्षांत मला न्हाई म्हणणारा तो एकलाच. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवला. चार महिन्यांवर त्याच्या पोरीचं लग्न व्हतं आणि ते मला माहीत व्हतं.

आता त्याची पिठाची गिरणी हाय, जुन्या बाजारात. काल गेलतो. रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून ज्वारी घेऊन गेलो. त्यानं ओळखलं. डबा तराजूवर ठेवला, म्हणला, पाच किलो दोनशे. मी घरून पाच समजून गेलतो.

जे बोलायला गेलो ते तोंडातून येईना. उसाला तुरा कधी आला, धरणात पाणी किती, असलंच बोलत बसलो. मग त्यानंच विचारलं, "अंगद काय करतो?"

मी म्हटलं, "काट्यावर हाय. विमानाच्या."

गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं न्हाई असं वाटलं, म्हणून परत म्हटलं. त्यानं गिरणी बंद केली. माझ्याकडं बघितलं. म्हणला, "काटा खरा हाय का?"

म्हटलं, "हाय."

त्यानं मान हलवली, गिरणी सुरू केली आणि माझी ज्वारी टाकली. दळणाचे पैसे घेतले, सुटे परत दिले. पीठ गरम व्हतं. डबा छातीशी धरून घरापर्यंत चालत आलो. वाटेत चौघांनी विचारलं, काय साहेब, पायी? मी काही सांगितलं न्हाई.

मामा